तारांवर उभी गाडी

होंडाची सीबी ७५० ही मोटारसायकल अमेरिकेतल्या दुकानांत १९६९ साली आली. चार सिलिंडर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि वजन सव्वादोनशे किलोंच्या आसपास. त्यावर चालवणारा, मागे बसणारा, दोघांचं सामान. हा सगळा भार पेलायला चाकात काय, तर सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारा. त्यातली एक सुटी तार जमिनीवर उभी टेकवून वरून हाताने दाबली, तर लगेच वाकते. तरीही त्या काळातल्या गाड्या आज पन्नास वर्षं उलटल्यावर तशाच तारांवर धावताहेत. हे कसं जमतं ते एकदा समजलं, की जुन्या मोटारसायकलला सुरक्षित चाक कुठून आणायचं या प्रश्नाचं निम्मं उत्तर हाती येतं.

बैलगाडीच्या चाकाचा हिशेब सरळ आहे. तुंब्यातून निघालेला लाकडी आरा खाली येतो तेव्हा तो भार थेट जमिनीकडे पोचवतो. लाकूड जाड, दाब सोसणारं. तारेच्या चाकात असं काहीच नाही. तिथे प्रत्येक तार टोकावरचं निप्पल, म्हणजे बारीक नट, आवळून आधीच ताणलेली असते आणि मधल्या हबला सगळ्या बाजूंनी एकाच वेळी ओढत असते. मग वाटतं, गाडी वरच्या तारांना लोंबकळत असणार. पण मोजून पाहिलं तर वरच्या तारांचा ताण जवळजवळ बदलतच नाही. बदलतो तो जमिनीलगतच्या थोड्या तारांचा, आणि तोही कमी होतो. त्यांचा ताण जेवढा उतरला, तेवढा भार त्यांनी उचलला. कॅलिफोर्नियातले अभियंते जोब्स्ट ब्रांट यांनी १९८१ मध्ये ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने मांडलं: चाक खालच्या तारांवर उभं असतं. दाब सोसूच न शकणारी वस्तू, केवळ आधीपासून ताणून ठेवल्यामुळे, दाब सोसणाऱ्या वस्तूचं काम करते! मला हे कितीदा वाचलं तरी नवं वाटतं.

आता चाक फिरू द्या. टायरसकट परीघ साधारण दोन मीटर धरला, तर एका किलोमीटरला पाचशे फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. वीस हजार किलोमीटर म्हणजे एक कोटी वेळा. ज्या तारेत मुळात पुरेसा ताण आहे तिला याचं काही वाटत नाही, कारण ती सैलावूनही ताठच राहते. पण एखादी ढिली असेल तर ती खाली येताना पूर्ण सैल पडते, हबमध्ये अडकवलेल्या तिच्या वाकावर दर फेऱ्याला हेलकावा बसतो आणि नेमकी तिथेच ती तुटते. म्हणजे चाकातली तार बहुधा जास्त भाराने मरत नाही, कमी ताणाने मरते.

अमेरिकेत जुनी चाकं शोधायची तर लोक बाजारांना जातात. जुलैत ओहायोमधल्या लेक्सिंग्टनला मिड-ओहायोच्या ट्रॅकवर जुन्या मोटारसायकलींचा मोठा मेळा भरतो. ऑक्टोबरात अलाबामात बार्बर संग्रहालयाच्या आवारात दुसरा. तिथे मैदानभर जुने सुटे भाग मांडलेले असतात आणि क्रोम चकाकणारी रिम लांबूनच खुणावते. ती चकाकी बाजूला ठेवावी. टायर आणि ट्यूब काढून आतली रबरी पट्टी उचलावी. पावसाचं, धुण्याचं पाणी निप्पलच्या भोकांतून आत शिरतं आणि त्या पट्टीखाली वर्षानुवर्षं साचून राहतं. पट्टी उचलली की भोकांच्या कडेने तपकिरी पापुद्रे दिसतात, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते खरवडले तर कधी कधी टोक खालच्या पातळ झालेल्या पत्र्यात रुततं. बाहेरून मात्र तिथे तोंड पाहून घ्यावं असा क्रोम. अशी रिम कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

पण गंजलेल्या रिमने मी घाबरत नाही, कारण गंज निदान दिसतो. जास्त धाक वाटतो तो सत्तरच्या दशकातल्या ओतीव चाकांचा. त्या काळी रेसिंगमध्ये हलक्या चाकांची ओढ लागली होती आणि मॅग्नेशियमइतका हलका, काम देणारा दुसरा धातू नव्हता. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला १.७४ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७, पोलादाची जवळपास ७.८५. अमेरिकेत मॉरिस आणि लेस्टर ही ओतीव चाकांची नावं घरोघरच्या गॅरेजमध्ये पोचली. शर्यतीच्या गाडीवरचं चाक थोडे हंगाम चालवून बदलायचं, हा तिथला रिवाज. आज तीच चाकं पंचेचाळीस-पन्नास वर्षांची झाली आहेत, आणि हौशी माणसं ती रस्त्यावरच्या गाडीला लावू पाहतात.

धातूच्या थकव्यात पोलाद आणि हलके धातू वेगळे वागतात. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली राहिला तर कोटीच काय, त्याहून कितीतरी जास्त फेरे ते सोसतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक हिसक्याची कुठेतरी नोंद होत राहते. ओतताना आत राहिलेला हवेचा बारीक बुडबुडा, खड्ड्याचा एखादा जुना फटका, रंगाखाली सुरू झालेलं क्षरण, यांतल्या कुठूनही भेग सुरू होऊ शकते. मॅग्नेशियमवर तर खारट हवा आणि पोलादी बेअरिंगशी येणारा ओला संपर्क दोन्ही वाईट परिणाम करतात.

भेग शोधायची एक सुंदर पद्धत आहे. चाकाचा रंग पूर्ण उतरवतात आणि त्यावर लाल, पातळ द्रव फवारतात. केसाहून बारीक फटीतही तो आपोआप ओढला जातो. थोडा वेळ थांबून पृष्ठभाग स्वच्छ पुसतात आणि वरून पांढरी भुकटी मारतात. सगळं पांढरं दिसत असतानाच एखाद्या आऱ्याच्या मुळाशी हळूहळू लाल रेघ उमटते. फटीत लपलेला द्रव भुकटीने परत वर शोषून घेतलेला असतो. पण ही तपासणी फक्त पृष्ठभागापर्यंत उघडणाऱ्या भेगा दाखवते, आतले बुडबुडे पाहायला क्ष-किरणच हवेत. शिवाय पाहणारा डोळा माणसाचाच. १९ जुलै १९८९ रोजी आयोवातल्या सू सिटीत युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान कोसळलं, ते इंजिनातली टायटॅनियमची चकती फुटल्यामुळे. त्या चकतीची याच जातीची, चमकणाऱ्या द्रवाची तपासणी आधी झालेली होती आणि भेग तेव्हाही होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. म्हणून तपासणीत काही सापडलं नाही, एवढ्यावर जुनं मॅग्नेशियमचं चाक रस्त्यावर न्यावं असं मला वाटत नाही. ते दिवाणखान्यात ठेवावं, प्रदर्शनात लावावं.

सरकारी शिक्का पाहून निर्धास्त व्हावं, तर तीही सोय नाही. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकांपैकी १२० क्रमांकाच्या मानकानुसार मोटारसायकलच्या रिमवर माप, बनवणाऱ्याची ओळख, तारीख आणि ‘डॉट’ ही अक्षरं उमटवावी लागतात. ही अक्षरं म्हणजे सरकारने चाक तपासल्याची पावती नव्हे. रिम मानकात बसते असं बनवणारा स्वतःच जाहीर करतो. आणि त्या मानकाचा भर टायर रिमवर नीट बसण्यावर आहे, चाक किती फटके सोसेल यावर नाही. उपयोग आहे तो मापाचा. डब्ल्यूएम २ म्हणजे १.८५ इंच रुंदी, डब्ल्यूएम ३ म्हणजे २.१५. जुन्या रिमच्या जागी वेगळ्या रुंदीची रिम आली की टायरचा आकार बदलतो आणि वळणावर गाडी वेगळी वागते. दुसऱ्या मॉडेलचं अख्खं चाक बसवलं, तर ॲक्सलची जाडी, डिस्कची जागा आणि चेन सरळ रेषेत राहते का, हे सगळंच नव्याने पाहावं लागतं.

आणि इथे तारेच्या चाकाचं मोठेपण कळतं. ते सुटं होतं. हब शाबूत असेल, तारा अडकतात त्या कडेवर दोन भोकांच्या मध्ये भेग नसेल, तर बाकी सगळं नवं करता येतं. लॉस एंजेलिसजवळ अझुसा गावात ब्यूकॅनन्स नावाचा कौटुंबिक व्यवसाय १९५८ पासून हेच करतो. असं काम करणाऱ्यांकडे तुमचा जुना हब पाठवायचा असतो, कारण रिमच्या भोकांची दिशा हबवर ठरते. कोरी रिम घेतात, प्रत्येक भोकापाशी खळगा पाडतात आणि निप्पलचं तोंड बरोबर हबच्या कडेकडे वळेल अशा तिरक्या कोनात भोक पाडतात. रुंद हबच्या रिमला वेगळा कोन, अरुंद हबच्या रिमला वेगळा. दुसऱ्याच हबसाठी भोकं पाडलेली रिम वापरली तर निप्पलपाशी तार वाकते, आणि वाकलेल्या तारेचं काय होतं ते वर आलंच आहे.

मग तारा एकमेकींना छेद देत विणायच्या आणि चाकाचा आऊट काढायचा, म्हणजे ते न डुलता फिरेल असं करायचं. पुण्या-कोल्हापुरात सायकलच्या दुकानात कारागीर चाक फिरवून, पोराला बाजूला करून, डोळा बारीक करून जे करतो तेच. इथे सोबत डायल गेज असतो. होंडाच्या दुरुस्तीच्या पुस्तकानुसार रिम दोन मिलिमीटरपर्यंत हलली तरी चालते. चांगला कारागीर तेवढ्यावर थांबत नाही. शेवटी तो पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारतो. ताण सारखा असेल तर एका बाजूच्या तारा जवळपास एकाच सुरात वाजतात. एखादी बद्द वाजली की ती सैल आहे, हे हाताआधी कानाला कळतं.

ओतीव चाकाची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. तारेच्या रिमला भोकं असतात, म्हणून आत ट्यूब लागते आणि ट्यूब फुटली की हवा झपाट्याने जाते. होंडाने १९७८ च्या सीएक्स ५०० वर जोडणीचं कॉमस्टार चाक देऊन ट्यूबलेस टायर बसवला, तो याच कारणाने. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएसवर तारा रिमच्या अगदी कडेला नेल्या, म्हणजे भोकं टायरच्या हवेबाहेर राहिली. तारेचं चाक आणि ट्यूबलेस टायर, दोन्ही एकत्र. सीबी ७५० च्या मालकाला मात्र ट्यूबच बरी.

नव्या बांधलेल्या चाकाच्या तारा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आपापल्या जागी बसतात आणि ताण थोडा उतरतो. तेव्हा चाक परत स्टँडवर घ्यावं लागतं. जुना टायर त्यावर पुन्हा चढवू नये. टायरच्या बाजूला ‘डॉट’ अक्षरांपाशी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे.