सूड की शांतता? उत्तर आयर्लंडची दोन उत्तरे

राजकीय हिंसाचाराने हादरलेल्या देशात पहिली मागणी उठते ती कठोर कारवाईची. ती स्वाभाविकही असते. मात्र कारवाई नेमकी कोणावर, हा प्रश्न त्या क्षोभात मागे पडतो. तो मागे पडल्यास काय होते आणि त्याचे भान राखल्यास काय साधते, याचा अनुभव उत्तर आयर्लंडने एकाच पिढीत घेतला.

ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे बहुसंख्य प्रोटेस्टंट आणि घरे, नोकऱ्या व स्थानिक मताधिकार यांत डावलले गेलेले कॅथलिक यांच्यातील संघर्ष १९६०च्या दशकाअखेरीस पेटला. आयर्लंडच्या एकीकरणासाठी शस्त्र उचललेल्या आयआरए या संघटनेच्या हल्ल्यांना उत्तर म्हणून सरकारने ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना स्थानबद्धतेचा मार्ग पत्करला. पहिल्याच दिवशी ३४२ जणांना पकडण्यात आले. ते जवळजवळ सर्व कॅथलिक होते आणि त्यांतील अनेकांचा हिंसाचाराशी संबंध नव्हता. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात या धोरणाविरुद्ध निघालेल्या मोर्चावर लष्कराने गोळीबार केला. त्यात १३ जण ठार झाले. आणखी एक जखमी पुढे दगावला. संतप्त तरुणांची आयआरएकडे रीघ लागली. त्या वर्षी सुमारे ४८० जणांचे बळी गेले. तीन दशकांच्या संघर्षातील ते सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरले.

दुसरी कसोटी १९९८ मध्ये आली. एप्रिलमध्ये ‘गुड फ्रायडे करार’ झाला आणि मे महिन्यातील सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. १५ ऑगस्टला करारविरोधी ‘रिअल आयआरए’ने ओमाघ गावात बॉम्बस्फोट घडवून २९ जणांचे प्राण घेतले. करार मोडणे हाच त्यामागील हेतू होता. सरकारने कायदे कडक केले. परंतु संपूर्ण समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही आणि कराराची अंमलबजावणीही थांबवली नाही. आयआरएची राजकीय शाखा मानल्या जाणाऱ्या शिन फेननेही स्फोटाचा निःसंदिग्ध निषेध केला. मारेकरी एकाकी पडले. २००५ मध्ये आयआरएने शस्त्रे निकामी केली, तर २००७ मध्ये कालचे कट्टर वैरी एकाच मंत्रिमंडळात बसले.

या शांततेची किंमत लहान नव्हती. करारानुसार चारशेहून अधिक कैदी मुदतीपूर्वी सुटले, ते पाहणे मृतांच्या नातलगांना असह्य झाले. ओमाघमधील हत्यांबद्दल फौजदारी न्यायालयात आजवर कोणीही दोषी ठरलेले नाही. डेरीतील गोळीबार असमर्थनीय होता, ही कबुली ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत दिली ती २०१० मध्ये, म्हणजे तब्बल ३८ वर्षांनी. बेलफास्टमध्ये वस्त्या विभागणाऱ्या भिंती अद्याप उभ्याच आहेत.

तरीही शांततेची बाजू भाबडेपणाची ठरत नाही. हल्लेखोराला शासन हवेच. पण तो ज्या समाजाच्या नावाने शस्त्र उचलतो, त्या समाजाला त्याच्या स्वाधीन करणे ही शासनकर्त्यांची सर्वांत मोठी चूक असते. १९७१ मध्ये ती झाली. १९९८ मध्ये ती टळली.