चेहऱ्याची जबानी

मनुष्याच्या भावना जगाच्या पाठीवर सर्वत्र एकाच मुद्रेने प्रकट होतात, ही समजूत इतकी रूढ आहे की तिची शहानिशा करण्याची गरज क्वचितच कोणास भासते. आणि तिला डार्विनचा दाखला जोडला म्हणजे तर वादच मिटला, असे मानले जाते. परंतु भावाविष्कारावरील १८७२च्या आपल्या ग्रंथात डार्विनने, मनोगत दुसऱ्यास कळावे म्हणून या मुद्रा निर्माण झाल्या, असे सांगितलेले नाही. पूर्वजांना कधीकाळी उपयोगी पडलेल्या हालचाली सवयीने व वारशाने मागे उरल्या, हेच मुख्यतः त्याचे प्रतिपादन होते. पुराव्यासाठी त्याने दूरच्या मुलखांतील मिशनऱ्यांना व अंमलदारांना प्रश्नावली धाडली. पण विस्मयाच्या वेळी डोळे व तोंड विस्फारते काय, अशा थाटाच्या त्या प्रश्नांतच उत्तर सुचवलेले होते, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

शंभर वर्षांनंतरच्या सर्वांत ख्यातनाम प्रयोगासही हा दोष पुरता टाळता आला नाही. पॉल एकमन व वॉलेस फ्रीझेन यांनी पापुआ न्यू गिनीतील, बाह्य जगाशी अत्यल्प संबंध आलेल्या फोरे लोकांना एकेक लहानशी गोष्ट सांगून, तिला अनुरूप चेहरा मोजक्या छायाचित्रांतून निवडावयास सांगितले, आणि बहुतेक निवडी अपेक्षेप्रमाणे झाल्याचे १९७१ साली प्रसिद्ध केले. पाठ्यपुस्तकांतून पुढे एवढाच भाग फिरत राहिला. भयाचा चेहरा विस्मयाच्या चेहऱ्यापासून वेगळा काढणे फोरेंना जमले नाही, हे त्याच निबंधात नमूद असूनही मागे पडले. आणि पर्याय दोन-तीनच असले की नको ते गाळूनही बरोबर उत्तर गाठता येते, याचा विचार तर त्याहून कमी झाला. २०१६ साली कार्लोस क्रिव्हेली व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच देशातील ट्रोब्रियांड बेटांवर, आपण निःशंकपणे भयाचा म्हणून ओळखतो तो डोळे ताणलेला, तोंड उघडलेला चेहरा दाखवला, तेव्हा तेथील लोकांना त्यात राग व धमकी दिसली.

म्हणून सारे संस्कारांचेच, असे म्हणावे, तर तेही टिकत नाही. २००४च्या अथेन्स पॅरालिंपिकमधील जन्मांध ज्यूदोपटूंच्या चेहऱ्यांवर जयपराजयाच्या क्षणी डोळसांप्रमाणेच स्नायू हलत होते. इतकेच नव्हे, तर सुवर्णपदक हुकलेल्यांनी ओठांपुरते औपचारिक स्मितही केले. जे स्मित आपण निव्वळ शिष्टाचार समजतो, ते कोणाच्याही चेहऱ्यावर न पाहता त्यांना साधले होते.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील बारावा नियम साक्षीदाराच्या आविर्भावाविषयी शेरा नोंदवण्याची मुभा न्यायालयास देतो. त्या शेऱ्यात ‘साक्षीदार भ्यालेला होता’ असा निष्कर्ष नसावा. कोणत्या प्रश्नावर त्याचा स्वर अडखळला, हात कापले, एवढेच नमूद व्हावे, आणि ते भय होते, संताप होता की न्यायालयाचे नवखेपण, हे उर्वरित पुराव्याच्या रुजवातीने ठरावे.