भंगारातली टेलिफोनची हत्यारे

वणी, पुसद किंवा दारव्ह्याच्या भंगारवाल्याकडे कधी एक काडीसारखी पोलादी पट्टी दिसली, तिच्या टोकाला अरुंद खाच असली, तर ती कशाची ते तुम्ही सांगू शकाल का? भंगारवाला ती किलोच्या भावाने विकील आणि ती भट्टीत जाईल. तेव्हा ओळख पटवायची ती त्याआधीच. त्यासाठी एक युक्ती आहे. नाव शोधत बसू नका, हत्याराचे टोक पाहा आणि ते कशावर बसत असेल, असा प्रश्न विचारा.

ही खाच बसते टेलिफोन केंद्रातल्या रिलेच्या पातळ पत्तीवर. फिरत्या तबकडीच्या फोनवर तुम्ही ७ फिरवला, की तबकडी परत येताना तारेतला प्रवाह सात वेळा तुटे. शून्याला दहा वेळा. वेग सेकंदाला सुमारे दहा. प्रवाह तुटला की केंद्रातला रिले पत्त्या हलवी आणि निवडयंत्र एक पायरी चढे. पत्ती केसभर वाकडी असली तरी सातच्या जागी सहा मोजले जात, आणि फोन भलत्याच घरी वाजे! म्हणून कारागीर खाच पत्तीवर सरकवून अलगद पीळ देई. किती दिला हे डोळ्यांना कळत नसे. त्यासाठी ग्रॅमच्या खुणांचा, बारीक दांडीचा ताणमापक असे. तो भंगारात घड्याळाचा भाग म्हणून खपून जातो.

या पत्त्या बहुधा 'जर्मन सिल्व्हर'च्या असत. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबे, जस्त आणि निकेल असते. खरी चांदी किंवा प्लॅटिनम असे ते टोकावरच्या चिमुकल्या बिंदूंत. ते बिंदू घासायला नखाच्या कानशीसारखी, पण जवळजवळ गुळगुळीत पट्टी वापरीत. सँडपेपर चालत नसे, कारण त्याचे कण मध्येच अडकून राहत.

घडीची मूठ असलेली जड पेटी, आणि तिच्या मोजपट्टीच्या एका टोकाला आडवा आठ (∞) दिसला तर तो मेगर. पावसाळ्यात तारेचे आवरण ओलावले की वीज जमिनीत झिरपते. ती किती, हे तो सांगतो. मूठ फिरवताना त्याच्या तारांना मात्र मुळीच हात लावू नका. अनेक मेगर ५०० व्होल्टचे असतात. तबकडी आणि दोन चिमटे एकाच दांड्यावर असलेला फोन दिसला, तर तो लाइनमनच्या कमरेला लटकणारा चाचणीचा फोन.

खांबांवरच्या उघड्या तारांसाठी वेगळेच हत्यार लागे : तार धरणारा चिमटा आणि तिला ताणणारी दातेरी चक्री. यवतमाळच्या हवेत त्याचे काम अवघडच. समजा, दोन खांबांत ५० मीटर अंतर आहे. हिवाळ्याच्या पहाटेपेक्षा उन्हाळ्याच्या दुपारी तापमान ३५ अंशांनी वाढले, तर तांब्याची तार फक्त ३ सेंटिमीटर वाढते. एवढ्याने काय होणार? पण ताणातला बदल सोडून हिशेब केला, तर ३० सेंटिमीटरचा झोळ ८० सेंटिमीटरच्या घरात जातो! म्हणून मे महिन्यात तार घट्ट ओढली की थंडीत ती तुटायची भीती. दोन खिळ्यांना दोरा बांधून, तो जरासा सैल करून पाहा, म्हणजे पटेल.

अशी वस्तू मिळाली तर गंज काढायच्या नादात अक्षरे पुसू नका. टपाल व तार खात्याचे १९८५ साली दोन विभाग झाले, म्हणून 'पी अँड टी' अशी खूण असेल तर ती वस्तू बहुधा त्याआधीची. लांबी, वजन आणि खुणा वहीत उतरवा. मग गावातल्या निवृत्त लाइनमनकाकांच्या हाती ते हत्यार द्या आणि त्यांची बोटे आपोआप कुठे जातात ते पाहा.