डोनाबे गॅसवर चढवण्याआधी

हायटेक सिटीतल्या नोकरीपायी जपानवारी घडली आणि सामानातून डोनाबे, म्हणजे झाकणाचे जाड मातीचे भांडे, घरी आले. आता पुढे काय? हैदराबादेत हलीमची देग भट्टीवर, बिर्याणीची हंडी स्वयंपाकघरात. डोनाबे मात्र जेवणाच्या टेबलावरच उकळते आणि सगळे भोवती बसून त्यातलेच गरमागरम वाढून घेतात.

आधी भांडे उलटे करून बघावे. बुडाला चकाकी नसते, कारण तिथे माती उघडी असते. जपानातल्या इगा भागातली डोनाबेची माती जुन्या बिवा सरोवराच्या तळाची. तिच्यातले वनस्पतींचे अवशेष भाजताना जळतात आणि बारीक छिद्रे राहतात. म्हणून भांडे सावकाश तापते, ऊब धरते आणि नवे असताना पाझरतेही.

ती छिद्रे पेजेने बुजवायची. भांडे धुऊन रात्रभर पालथे वाळवावे. मग पाऊण भांडे पाणी, त्याच्या पाचव्या हिश्शाइतका भात, मंद आच, सुमारे तासभर. पेज भांड्यातच पूर्ण निवू द्यावी, मगच ओतावी. घाई नेमकी इथेच होते.

तडा जातो तो बहुतेक ओल्या बुडामुळे. बूड कोरडे हवे, भांडे रिकामे तापवू नये, गरम भांडे थंड ग्रॅनाइटवर टेकवू नये. साध्या डोनाबेला इंडक्शन चालत नाही. आतल्या चकाकीवरच्या केसासारख्या रेषांना मात्र घाबरू नये. पाझरू लागले तर पुन्हा पेज.

टेबलावर लहान डब्याची गॅस शेगडी लागते. भांडे इतके रुंद नको की गॅसच्या डब्यावर येईल. डबा तापून फुटू शकतो. आणि छताचा पंखा बंद! (एप्रिलात हा बेत न केलेलाच बरा.)

रश्शासाठी कोंबू, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ, अर्धा तास गार पाण्यात भिजवून मंद आचेवर ठेवावे आणि उकळी फुटण्याआधी काढावे. मग गाजर, मुळा, कोबीचे देठ; नंतर टोफू, मशरूम; पालक अगदी शेवटी. सगळे एकदम टाकले की पालकाचा लगदा होतो आणि गाजर कच्चेच राहते. वाढायला डाव वेगळा ठेवावा, म्हणजे आजीही उष्ट्याची शंका न काढता जेवायला बसेल. सोया सॉसमध्ये लिंबू पिळले की चटणीचे काम भागते. उरलेल्या रश्शात भात आणि फेटलेले अंडे घालावे. माझ्या मते खरी चव त्यातच.

धुतल्यावर भांडे लगेच कपाटात नको. पावसाळ्यात दोन दिवस वाऱ्यावर ठेवावे, झाकण वेगळे. तरी बुरशी आलीच, तर व्हिनेगरचे पाणी त्यात दहा मिनिटे उकळून, धुऊन, पुन्हा वाळवावे.