पिवळा दिवा आणि सोळा पिनांचा सॉकेट

गेल्या पावसाळ्याच्या प्रारंभी माझ्या दहा वर्षांच्या पेट्रोल मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला आणि काही केल्या विझेना. गाडी धावत असे. मात्र सिग्नलपाशी उभी राहिली की थरथरे. एका गॅरेजमध्ये हातात मावणाऱ्या यंत्रावर एक सांकेतिक क्रमांक उमटला, आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ असा निर्णय खर्चाच्या आकड्यासह मिळाला. तो आकडा ऐकून मी बेळगावातच गॅरेज चालविणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. गणिताच्या तासाला याचे लक्ष सदैव खिडकीबाहेर असे.

त्याने बॉनेट उघडलेच नाही. किल्ली बंद ठेवून स्टीअरिंगखाली हात घातला आणि तेथील सोळा पिनांच्या सॉकेटात एक लहानशी डबी बसविली; तिची वायर लॅपटॉपला जोडली; मग इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरविली. हा सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीस सक्तीचा झाला. त्यामागे मिस्त्रीची सोय हा मूळ हेतू नव्हता. धूर ओकणारी गाडी स्वतःच ओळखू यावी, हा होता. आपल्याकडे या पद्धतीचा दुसरा टप्पा २०१३ पासून लागू झाला.

लॅपटॉपची व इंजिन कंट्रोल युनिटची भाषा एक नव्हे. गाडीतील संदेश सहाव्या व चौदाव्या पिनेवरील दोन वायरींतून, त्यांच्या व्होल्टेजमधील फरकाच्या रूपाने धावतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही ‘कॅन’ पद्धत. मधली डबी म्हणजे दुभाषी. आणि दुभाष्यावाचून कामे कशी अडतात, हे आम्हा सीमाभागातील मंडळींस सांगावयास नको. इंजिनाच्या पाण्याचे तापमान पाठविताना युनिट त्यात ४० मिळविते, म्हणजे शून्याखालील अंशांनाही उणे चिन्ह लागत नाही. १३० आले, तर तापमान ९०. हे गणित मला त्या खिडकीबाहेर पाहणाऱ्याने समजाविले!

पडद्यावर तोच क्रमांक आला : पी ०१७१. मी म्हणालो, “अरे, पुसून टाक ना तो.”

“नको सर,” तो म्हणाला. “पुसला तर दिवा विझेल, पण बिघाड झाला त्या क्षणीची सगळी नोंदही जाईल. आणि हा क्रमांक सेन्सर गेला असं म्हणतच नाही. मिश्रणात हवा जास्त आहे, एवढंच म्हणतो. सेन्सर खरं बोलत असेल तर?”

पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण ढळले की युनिट इंधन वाढवून वा घटवून ते सावरते, आणि ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते. आता त्याने इंजिन चालू केले. उभ्या गाडीत आकडा अधिक २२ होता. वेग वाढविताच तो ५ वर उतरला. सेन्सर बिघडता तर असा क्रमाने उतरला नसता. मोजणीच्या सेन्सरला चुकवून कोठूनतरी हवा आत शिरत होती. इंजिन मंद असताना तिचा वाटा मोठा, वेगात नगण्य. तेव्हा कोठे बॉनेट उघडले. रबराची एक व्हॅक्यूम नळी वळणापाशी चिरलेली होती.

वाचण्याने गाडीस अपाय होत नाही. युनिटमधील प्रोग्रॅम बदलून लिहिणे मात्र निराळे. लिहिताना मध्येच बॅटरी उतरली तर युनिट निकामी होऊ शकते, म्हणून जाणकार प्रथम चार्जर जोडतो. घरी डबी आणून प्रयोग करणाऱ्या तरुणांनी येथे हात आवरावा.

नळी बदलल्यावर आकडा ३ वर स्थिरावला. मग त्याने क्रमांक पुसला. सर्व तपासण्या पुन्हा पूर्ण होण्यास काही दिवसांचे चालविणे लागते, म्हणून आठवड्याने बोलाविले. गेलो, तेव्हा पडदा कोरा होता, आणि जुना सेन्सर अजून जागच्या जागी आहे.