कृष्णविवर काळं का?

चेंडू वर फेकला की खाली येतो. हवेचा अडथळा सोडला, तर ताशी 40 हजार किलोमीटर वेगानं फेकलेला चेंडू मात्र पृथ्वीला कायमचा रामराम ठोकेल. वस्तू दाबून जितकी लहान करावी, तितकं तिच्या पृष्ठभागावरून निसटणं अवघड. अख्खा सूर्य 3 किलोमीटर त्रिज्येत कोंबला, तर सेकंदाला 3 लाख किलोमीटर धावणारा प्रकाशही सुटणार नाही. म्हणून कृष्णविवर काळं.

पण ते दिसेल ते ओढत सुटत नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तरी पृथ्वी मुकाट फिरत राहील. गोठेल, ते वेगळं!

कृष्णविवर काळं असेल, तर मग 2019 साली एम-87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र मिळालं कसं? रेडिओ दुर्बिणींनी टिपला तो भोवती घुसळून तापलेला वायू. मधला काळा डाग म्हणजे त्या उजेडातली सावली.