आकाशउडीसाठी गॉगल: कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांसाठी

पॅराशूट उघडण्यापूर्वी पोटावर आडवे होऊन खाली येताना वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर असतो. गॉगलच्या फटीतून शिरलेला वारा लेन्स कोरडी करतो, जागेवरून सरकवतो, कधी उडवूनही नेतो. म्हणून गॉगल निवडताना आधी पाहायचे ते त्याचे चेहऱ्यावर बसणे. कडेला फोम किंवा मऊ सिलिकॉन हवे. फट बहुधा नाकाजवळ आणि गालाशी राहते, आणि वारा खालूनच येतो. हेल्मेटसह गॉगल घालून मान सगळीकडे वळवून पाहा. पट्टा घट्ट हवा, पण डोळ्यांभोवती दाब नको.

काच पॉलिकार्बोनेटची असावी. ती सहसा फुटत नाही. चार किलोमीटर उंचीवर हवा जमिनीपेक्षा सुमारे २५ अंशांनी थंड असते, त्यामुळे काचेवर वाफ धरते. बारीक छिद्रे आणि वाफरोधक लेप असलेला गॉगल बरा. संध्याकाळच्या उडीला रंगीत काच टाळा.

छोट्या, कडक लेन्सपेक्षा मऊ लेन्स सहसा जागेवर टिकतात. रोज बदलायच्या असतील तर हरवल्याचे नुकसानही कमी. जमिनीजवळच्या धुळीचा विचार करून उतरेपर्यंत गॉगल काढू नका. एका डोळ्यातली लेन्स गेली तर उंची वाचता येईल का, हे आधीच प्रशिक्षकाशी बोलून घ्या.